सत्तेला कठडा

सोलापुरातून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की विसेक किलोमीटरवर वळसंग येतं. दक्षिण सोलापूर तालुक्यातलं हे गाव. मराठी आणि कानडी या भागात एकाच ओट्यावर बसून बोलतात, आणि पाऊस कधी येईल ते दोन्ही भाषांत कुणालाच सांगता येत नाही. ज्वारीच्या या मुलखात विहिरीला पाणी लागलं ही आजही बातमी असते. वळसंगमध्ये अशी एक विहीर आहे, जिला लोक बाबासाहेबांची विहीर म्हणतात. गावच्या पाणवठ्यावर ज्यांना मज्जाव होता, त्या दलित वस्तीने ती स्वतः खणली आणि 24 एप्रिल 1937 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हातून ती खुली करून घेतली.

तारखेकडे जरा थांबून पाहावं. महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने 17 मार्च 1937 रोजी बाबासाहेबांच्या बाजूने शेवटचा निकाल दिला होता. वळसंगला ते आले तेव्हा त्या निकालाला सव्वा महिनाही झाला नव्हता. मधल्या 1 एप्रिलला 1935 च्या भारत सरकार कायद्यानुसार प्रांतांना स्वायत्तता मिळाली होती आणि त्याआधीच्या निवडणुकीत बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष मुंबई प्रांताच्या विधानसभेत पोहोचला होता. थोडक्यात, न्यायालयात जिंकलेला आणि विधिमंडळात निवडून आलेला माणूस वळसंगला आला तो एका नव्या विहिरीसाठी. गावातल्या जुन्या विहिरी त्या वस्तीला अजून बंदच होत्या.

हे असं का झालं, ते समजायला आधी सोलापूर शहरात, सात वर्षं मागे जावं लागतं.

4 मे 1930 च्या मध्यरात्रीनंतर गांधीजींना कराडीला अटक झाली. सोलापुरात गिरण्यांचे भोंगे वाजत होते, पण मजूर रस्त्यावर होते. 8 मे रोजी शहराबाहेर रूपाभवानीच्या देवळाच्या बाजूला शिंदीची झाडं तोडायला जमाव गेला. ताडी-दारूच्या महसुलावर घाव घालायचा हा सत्याग्रहाचा सोलापुरी प्रकार. कलेक्टर नाइट यांच्या अंमलाखालच्या पोलिसांनी गोळीबार केला, शंकर शिवदारे हा तरुण ठार झाला आणि मग शहर पेटलं. मंगळवार पेठेतल्या पोलीस चौकीवर हल्ला झाला, पोलीस मारले गेले, न्यायालयाची इमारत जाळली गेली. सरकारी माणसांनी शहरातून काढता पाय घेतला. पुढचे तीन-चार दिवस सोलापुरात ब्रिटिश सरकार नव्हतं. रहदारीपासून पेठांच्या बंदोबस्तापर्यंत सगळं काँग्रेसचे स्वयंसेवक पाहत होते. सोलापूरकर आजही या दिवसांबद्दल बोलताना जरा ताठ बसतात, आणि त्यांनी बसावंही.

12 मेच्या रात्री लष्कर आलं आणि मार्शल लॉ पुकारला गेला. तो 30 जूनपर्यंत राहिला. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी 15 मेला सोलापूरपुरता एक वटहुकूम काढून त्याला कागदाचं कवच दिलं.

मार्शल लॉचं मराठी आपण ‘लष्करी कायदा’ असं करतो, आणि इथेच फसगत होते. तो कायदा नसतोच. आधीचा कायदा बाजूला ठेवल्यावर जे उरतं, त्याला हे नाव आहे. सोलापुरात त्या सात आठवड्यांत नेमकं काय उरलं होतं? लष्करी अधिकारी सकाळी हुकूम काढी, दुपारी त्याच हुकुमाखाली माणूस पकडला जाई आणि त्याच अधिकाऱ्याच्या हाताखालचं लष्करी कोर्ट त्याला झटपट शिक्षा देई. हुकूम काढणारा, पकडणारा आणि निवाडा करणारा, तिघेही एकाच तंबूतले. गांधी टोपी घालणं, तिरंगी झेंडा जवळ बाळगणं हे गुन्हे झाले. ज्या नगरपालिकेवर एप्रिलमध्ये राष्ट्रध्वज चढला होता, त्याच शहरात झेंड्यासाठी लोक तुरुंगात गेले. रामकृष्ण जाजू, तुळशीदास जाधव या पुढाऱ्यांना शिक्षा झाल्या. ‘कर्मयोगी’ पत्राचे संपादक रामभाऊ राजवाडे यांनाही लेखणीची किंमत मोजावी लागली.

माँतेस्क्यू या फ्रेंच विचारवंताने 1748 साली ‘कायद्यांचा आत्मा’ या अर्थाच्या नावाच्या ग्रंथात लिहून ठेवलं होतं की कायदा करणं, तो राबवणं आणि त्यावर निवाडा देणं या तीन गोष्टी एकाच हातात आल्या की स्वातंत्र्य संपतं. सोलापूरच्या टोपीवाल्याला हे कळायला ग्रंथ लागला नाही. त्याची टोपी उतरवली गेली तेवढं पुरलं.

अर्थात मार्शल लॉ नव्हता तेव्हा हे तीन हात फार दूर होते, असंही नाही. कलेक्टर हाच जिल्हा मॅजिस्ट्रेट. पोलीस त्याच्या हुकमतीत, आणि पोलिसांनी आणलेल्या आरोपीचा खटला चालवणारे मॅजिस्ट्रेटही त्याच्याच हाताखाली. त्यांची बढती-बदली तोच पाहणार. काँग्रेसने 1886 पासून न्याय आणि कारभार वेगळे करा असे ठराव केले होते. दरसालचा ठराव, दरसालचं उत्तर, आणि कलेक्टर कचेरीतला कारकून दोन्ही फायलीत लावणार. मार्शल लॉने फार तर एवढं केलं की रोज पातळ स्वरूपात जे चालत होतं, ते सात आठवडे घट्ट करून पाजलं.

एक गोष्ट मात्र इंग्रजी कायद्याच्या बाजूने सांगायला हवी. त्या परंपरेत लष्करी अंमलाला स्वतःचा कायदेशीर आधार नसतो. गरज हाच त्याचा आधार. गरज संपली की झाल्यागेल्याची तपासणी नेहमीच्या न्यायालयात होऊ शकते, म्हणून तर सरकारला नंतर आपल्या अधिकाऱ्यांना अभय देणारा कायदा करावा लागतो. सोलापूरचा मामला असाच मुंबई उच्च न्यायालयापुढे आला आणि 1931 च्या निकालसंग्रहात ‘चन्नाप्पा शांतिराप्पा विरुद्ध सम्राट’ या नावाने बसला. मार्शल लॉवरच्या भारतीय पुस्तकांत हे नाव अजून येतं. सोलापुरात ते फारसं कुणाला ठाऊक नसतं. शहराला चार वेगळी नावं ठाऊक आहेत: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात हे चौघे फासावर गेले. सोलापूरच्या मुख्य चौकात आज त्यांचे पुतळे आहेत, आणि आजवर तिथे शेकडो मोर्चे सुरू झाले किंवा संपले असतील.

आता पुन्हा पाण्याकडे.

महाडचा दावा सोलापूरच्या बरोबर उलटा होता. सोलापुरात तिन्ही सत्ता एकवटल्या होत्या. महाडमध्ये त्या इतक्या वेगळ्या होत्या की एकीने दिलेलं दुसरी अडवत होती. मुंबई विधिमंडळाने 1923 साली सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला: सरकारी पैशाने बांधलेले वा सांभाळलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये तळं खुलं केलं. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आणि हजारो माणसं त्या तळ्याचं पाणी प्यायली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात बाबासाहेब दुसऱ्यांदा जाणार, तर दिवाणी कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. कलेक्टर परिषदेत येऊन हुकूम मोडू नका असं सांगून गेला. मग 1931 ला पहिला निकाल, 1933 ला ठाण्यात अपील आणि 1937 ला मुंबईत शेवटचं अपील. उच्च न्यायालयात हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड. 1922 साली अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारे तेच. दावा लावणारे सवर्ण वादी म्हणत होते, अस्पृश्यांना या तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादी आहे. कोर्टाने म्हटलं, तशी ती सिद्ध झालेली नाही.

निकाल जिंकला, पण त्याचा पाया बघा. ‘माणूस म्हणून यांना पाण्याचा हक्क आहे’ असं कोर्टाने म्हटलं नाही, म्हणू शकतही नव्हतं. रूढी पुरेशी जुनी सिद्ध झाली असती, तर तीच कायदा ठरली असती. नऊ वर्षांहून जास्त चाललेल्या दाव्याचा तोल या एका धाग्यावर होता. बाबासाहेब वकील होते, त्यांना हे नक्कीच दिसलं असणार. वळसंगची नवी विहीर या संदर्भात वेगळीच दिसू लागते. कोर्ट जिंकूनही दलित वस्तीला स्वतःचं कुदळ-फावडं सोडता येत नव्हतं.

आणि याच सोलापुरात, वळसंगच्या नंतर आठ-नऊ महिन्यांनी, जानेवारी 1938 मध्ये, बाबासाहेब जे बोलले ते पुढच्या घटनाकाराच्या तोंडी शोभणार नाही असं कुणालाही वाटेल. सोलापूर नगरपालिकेने त्यांना मानपत्र दिलं होतं. उत्तरात त्यांनी सांगितलं की लोकशाही हा सर्व काळी, सर्व ठिकाणी पाळायचा आदर्श आहे असं आपण मानत नाही. देशाच्या आजच्या स्थितीत तरी काही काळ सुजाण हुकूमशहाच्या खंबीर हाताची गरज आहे. लोकांनी स्वतःला एका पक्षाला आणि एका पुढाऱ्याला बांधून घेतलं आहे, विचार करणं सोडलं आहे, ही त्यांची तक्रार होती.

बाबासाहेबांचे भक्त हा प्रसंग टाळतात आणि टीकाकार तो उगाच मिरवतात. मला तो प्रामाणिक वाटतो. जिथे बहुसंख्य म्हणजे एका जातीचं गाव आणि विरोधक म्हणजे द्रोही, तिथे मतपेटीने अल्पसंख्याला काय मिळणार, हा त्या भाषणामागचा प्रश्न आहे. हुकूमशहा हे त्याचं वाईट उत्तर होतं आणि त्यांनी ते स्वतःच सोडून दिलं. जवळपास अकरा वर्षांनी, 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटनेचा मसुदा मांडताना ते नेमकं उलट सांगत होते: अमेरिकी पद्धतीत सरकारला स्थैर्य अधिक, इंग्लंडच्या पद्धतीत जबाबदारी अधिक, आणि मसुद्याने जबाबदारीला पसंती दिली आहे. प्रश्न मात्र तोच राहिला. बहुमत आलं तरी त्याचा हात कुठपर्यंत पोहोचू द्यायचा?

या प्रश्नाचं उत्तर घटनेत ठिकठिकाणी पसरलेलं आहे. मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा तेवढ्यापुरता रद्दबातल, असं अनुच्छेद 13 म्हणतो. हक्क मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क अनुच्छेद 32 देतो, आणि हाच घटनेचा आत्मा असं बाबासाहेबांनी डिसेंबर 1948 मध्ये सभागृहात सांगितलं. के. टी. शहा यांनी तिन्ही सत्ता पुरत्या वेगळ्या कराव्यात अशी दुरुस्ती मांडली, ती फेटाळली गेली. मंत्रिमंडळ विधिमंडळातूनच येणार असेल तर पूर्ण फारकत शक्य नव्हती. न्यायसंस्था मात्र कारभारापासून वेगळी हवी, यावर फारसा मतभेद नव्हता. ते अनुच्छेद 50 मध्ये आलं. आधी त्यात तीन वर्षांची मुदत होती. ती काढून टाकली. मुंबई राज्याने 1951 साली स्वतःचा कायदा करून मॅजिस्ट्रेट वेगळे करायला घेतले. देशभर ते फौजदारी प्रक्रिया संहितेने 1974 मध्ये झालं. 1886 चा ठराव, 1974 चा अंमल. सोलापूरच्या कलेक्टरकडे जमावबंदीचा अधिकार उरला, खटले चालवणं गेलं.

मार्शल लॉचं काय केलं? घटनेत तो शब्द आहे, अनुच्छेद 34 मध्ये, पण व्याख्या नाही. लष्करी अंमलाच्या काळात कुणी काही केलं असेल तर संसद कायद्याने त्याला अभय देऊ शकते, असं तिथे म्हटलं आहे. आयर्विनच्या वटहुकमाचा वास त्या कलमाला येतो, आणि 1930 च्या सोलापूरची गोष्ट वाचलेला माणूस ते कलम दोनदा वाचतो.

घटना लागू झाली 26 जानेवारी 1950 रोजी. सत्तेला हा नवा कठडा किती पक्का आहे, ते पाहायची सुरुवातीची एक मोठी वेळ सोलापूरवरच आली. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, गावच्या भाषेत जुनी मिल, आशियातल्या मोठ्या गिरण्यांत गणली जाई. ऑगस्ट 1949 मध्ये ती बंद पडली. कारभारातल्या गैरव्यवस्थेने ती बुडते आहे, कापडाचं उत्पादन थांबलं आहे आणि मजूर बेकार झाले आहेत, असं कारण देऊन केंद्र सरकारने 9 जानेवारी 1950 रोजी, म्हणजे घटना येण्याच्या सतरा दिवस आधी, वटहुकूम काढला आणि गिरणी आपण नेमलेल्या संचालकांच्या ताब्यात दिली. एप्रिलमध्ये त्याचा कायदा झाला. एका गिरणीसाठी संसदेचा एक पूर्ण कायदा! भागधारक आता ना संचालक निवडू शकत होते, ना त्यांचा ठराव चालत होता.

चिरंजितलाल चौधरी या भागधारकाने थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं. प्रश्न साधा होता: एकाच कंपनीला वेगळं काढून केलेला कायदा समानतेच्या हक्कात बसतो का? 4 डिसेंबर 1950 रोजी तीन विरुद्ध दोन असा निकाल लागला. मुख्य न्यायमूर्ती कानिया, फझल अली आणि मुखर्जी यांनी कायदा राखला. एकटी कंपनीही आपल्यापुरता वर्ग असू शकते, आणि कायदा घटनाबाह्य आहे हे दाखवण्याचा भार तक्रारदारावर, असं त्यांचं म्हणणं. पतंजली शास्त्री आणि दास यांना ते पटलं नाही.

मग नव्या संचालकांनी अग्रहक्काच्या अर्धवट भरलेल्या भागांवर उरलेले पन्नास-पन्नास रुपये मागितले. शंभराच्या भागावर पन्नासच भरलेले होते. गिरणी सरकारने घेतली आणि ती चालवायचे पैसे आम्ही द्यायचे? द्वारकादास श्रीनिवास यांनी दावा लावला. 18 डिसेंबर 1953 रोजी, पतंजली शास्त्री आता मुख्य न्यायमूर्ती असताना, न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. कागदावर मालकी भागधारकांकडे ठेवून तिच्यातला अर्थ सरकारने काढून घेतला तर तो मालमत्ता हिरावण्याचाच प्रकार, आणि नुकसानभरपाई न देता तो करता येणार नाही. न्यायालयाच्या दोन निकालांत तीन वर्षांचं अंतर होतं. सरकारही गप्प बसणार नव्हतंच: असे निकाल अडवायला 1955 ची चौथी घटनादुरुस्ती आली. मालमत्तेचा मूलभूत हक्क पुढे 1978 च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने घटनेतून गेलाच.

कायद्याच्या विद्यार्थ्याला ‘शोलापूर मिल’ म्हणजे समानता आणि मालमत्ता. सोलापूरच्या जुन्या माणसाला जुनी मिल म्हणजे भोंगा, पाळी आणि बेकारी. या निकालांत मजुरांचा उल्लेख कायद्याच्या प्रस्तावनेपुरता येतो. दाव्यात ते कुठेच नाहीत. मला हे बोचतं. सरकारला कोर्टात खेचून सोलापुरात घटनेची ताकद आधी दाखवली ती भागधारकांनी. मार्शल लॉत टोपी गमावलेल्याला तशी घटना मिळाली नव्हती, आणि वळसंगच्या वस्तीने कोर्टाची पायरी चढण्याआधीच विहीर खणली होती. हक्क सगळ्यांना सारखे असले तरी न्यायालयापर्यंतच्या प्रवासाचं तिकीट सारखं नसतं. त्यामुळे न्यायालयाचं काम चुकीचं ठरत नाही. त्या 1953 च्या निकालाने सरकारला एवढं बजावलं की ‘जनहितासाठी’ हा शब्द उच्चारला म्हणजे सगळी दारं उघडत नाहीत.

आणि शेवटी विहीर. 29 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत भेदभावाला मनाई करणाऱ्या कलमावर चर्चा झाली, त्याच दिवशी अस्पृश्यता नष्ट करणारं कलमही मंजूर झालं. ‘दुकान’ म्हणजे काय, त्यात धोब्याचं आणि न्हाव्याचं दुकान येतं का, असं विचारलं गेलं. बाबासाहेबांनी व्यापक अर्थ सांगितला: जो कुणी सेवा देऊ करतो, तो त्यात येतो. आजचा अनुच्छेद 15 नागरिकाला सांगतो की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कुणालाही विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापरापासून अडवता येणार नाही. जगातल्या फार थोड्या राज्यघटनांत विहीर हा शब्द असेल.

त्या वाक्याला मात्र एक शेपूट आहे. हा नियम राज्याच्या पैशाने पूर्णतः वा अंशतः सांभाळलेल्या, किंवा सर्वसाधारण जनतेच्या वापरासाठी अर्पण केलेल्या विहिरींना लागतो. वळसंगच्या वस्तीने स्वतः खणलेली विहीर त्या व्याख्येत बसते की नाही, यावर वकील तास-दोन तास बोलू शकतील. गावच्या ज्या जुन्या विहिरींवर त्यांना 1937 साली मज्जाव होता, त्या मात्र बहुतेक बसतात.